एडनाने निवडलेले भाग

एडना हॅस्लमचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती. तिची किटली कधी लागली ते मला कळायचं आणि माझी फोडणी कधी पडली ते तिला. तरी तिच्या घरात पाऊल टाकायला मला अकरा वर्षं लागली. माझं नाव शैला, पण इंग्लंडात, लँकेशरमधल्या बेकप गावच्या आमच्या त्या चढाच्या गल्लीत मी सगळ्यांची शीलाच होते, आणि एडनाचीही शीलाच.

सत्तावीस वर्षं तिने गिरणीत कापड तपासलं. मागावरून उतरलेला तागा तिरप्या फळीवरून, उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात तिच्यासमोरून सरकायचा. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली पट्टी दिसली की ती खडूने खूण करायची, आणि ज्याच्या मागावरचं कापड त्याला बोलावणं जायचं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कोणी बसत नसे. हे तिनेच मला सांगितलं, हवा कशी आहे ते सांगावं तसं. गिरणी बंद पडल्यावर ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, जेवणाची व्हॅन चालवू लागली, पण डोळा तोच राहिला. मी मागच्या अंगणात साडी वाळत घातली की भिंतीपलीकडून आवाज यायचा.

"शीला, काठापासून हातभर आत एक धागा सुटलाय."

बघावं तर खरंच सुटलेला असायचा.

तिचं लग्न एकदा ठरलं होतं आणि मोडलं होतं. कशावरून, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईवडील गेले, एक भाऊ होता तो कॅनडात. नाताळात त्याचं पत्र यायचं, पुढे तेही थांबलं. रविवारी साडेचारला ती खिडकीजवळ बसून एकटी चहा घ्यायची. समोरून चर्चमधून परतणारी माणसं जायची. मान हलवायची, पुढे जायची.

त्र्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये गावच्या बागेत जुन्या आणि हौशी गाड्यांचं प्रदर्शन भरलं. माझ्या नवऱ्याला गाड्यांचं वेड, म्हणून आम्ही गेलो होतो. तिथे एका हिरव्या गाडीपाशी एडना वाकून उभी दिसली. गाडी म्हणजे दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वर छप्पर नाही, चाकं अंगाबाहेर काढलेली. शेजारी घडीच्या खुर्चीवर मालक बसला होता. साठीचा, टक्कल, हाताच्या रेघांत मुरलेलं काळं तेल. त्याचं नाव आर्नल्ड मिजली, लँकेशरशी जुनी चुरस असलेल्या डोंगरापलीकडच्या हॅलिफॅक्सचा, बसडेपोतून निवृत्त झालेला फिटर. ते नंतर कळलं.

"ही ओळ सरळ नाही," एडना म्हणाली.

"कुठली ओळ?"

"रिबिटांची. मागून तिसरं खाली उतरलंय. आणि डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर पुढे आहे."

"बाई, चार वर्षं खपून ही गाडी मी घरामागच्या शेडमध्ये बांधली आहे."

"ते दिसतंच आहे."

आजूबाजूची माणसं हसली. मिजली लाल झाला. "लँकेशरच्या माणसाला फुकट चहा दिला तरी कपात खोट काढेल," तो म्हणाला. "एवढं कळतंय ना? मग स्वतः बांधून दाखवा."

"बांधायची कशी?"

तो चेष्टा करत होता आणि ती खरंच विचारत होती. हे लक्षात आल्यावर त्याने खुर्चीतून उठून नीट सांगितलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पत्रे आणि नाक, एवढं कारखान्यातून येतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकांचा दांडा, स्टिअरिंग, ब्रेक, अगदी पायाखालचे पेडलसुद्धा भंगारात निघालेल्या एखाद्या जुन्या गाडीतून घ्यायचे. त्या गाडीला म्हणायचं देणारी गाडी.

"देणारी चांगली मिळाली की अर्धं काम झालं," तो म्हणाला.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर तुमच्यासारखं कोणीतरी येऊन रिबिटं मोजतं."

पुढच्या वसंतात एका ट्रकमधून सांगाडा आला. आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याची गॅरेजं होती, त्यातलं एक एडनाने घेतलं होतं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. छप्पन्न वर्षांची एडना, अंगात स्वयंपाकघरातला निळा झगा, त्या नळ्यांभोवती फिरून एकेक जोड बोटाने चाचपत होती. दोन जोडांवर तिने खडूने खूण केली. कारखान्याच्या माणसाला ते येऊन परत जोडून द्यावे लागले.

सोबतच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की एकच पूर्ण गाडी घ्या आणि सगळं तिच्यातून काढा. एडनाला ते पटेना.

"एका गाडीचं सगळंच कसं चांगलं असेल?" ती मला म्हणाली. "एका विणकराचे दोन तागे सारखे नसतात."

म्हणून दर शनिवारी ती नदीपलीकडच्या क्रॅबट्रीच्या भंगारात जाऊ लागली. टेड क्रॅबट्री म्हणजे तीन माणसांएवढा एक माणूस. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, बाई वाट चुकली. दुसऱ्या महिन्यात तो तिला बघून कपाळाला हात लावू लागला.

"आल्या का राणीसाहेब! आज काय नापसंत करणार?"

"ते इंजिन उघडून दाखव."

"मागच्या शनिवारीच उघडलं होतं ना?"

"ते वेगळं. त्याचं झाकण उघडलंस. झाकणाखाली पांढरा फेस होता, म्हणजे तेलात पाणी गेलंय. आज हे दाखव."

तिची पद्धत अशी की आधी भाग बघायचाच नाही, गाडी बघायची. तीन-तीन रचून ठेवलेल्या गाड्यांपैकी जी खाली असेल तिच्यात ती जाऊन बसायची. पेडलचं रबर किती झिजलंय, चालवणाऱ्याची सीट किती बसलीय, गिअरच्या दांड्यावरचे आकडे पुसलेत का, हे बघायचं. मग बाजूच्या सीटवर हात ठेवायचा. ती सीट कोरी असेल, कापड ताठ असेल, तर तिचा चेहरा खुलायचा.

मी एकदा तिच्याबरोबर गेले होते तेव्हा विचारलं, "सीटचं काय एवढं? सीट तर आपल्याला नकोय."

"बाजूला कोणी बसत नव्हतं," ती म्हणाली. "एकट्या माणसाची गाडी. ओझं कमी, घाई कमी. मागचा दांडा कमी झिजतो. स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्या राहतात का बघायचं, चालवणाऱ्याकडची जराशी बसलेली असते, तेवढं चालतं."

तिने मागचा दांडा घेतला तो अशाच एका तपकिरी गाडीचा. सामानाच्या कप्प्यात एक घोंगडी आणि कुत्र्याची ताटली मिळाली होती. स्टिअरिंग घेतलं ते एका नर्सच्या गाडीतून. खणात गणवेशाला टाचायचं घड्याळ होतं, म्हणून नर्स. घरी आणलेला प्रत्येक भाग ती रॉकेलमध्ये धुवायची, जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळायची आणि त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, गिरणीत ताग्याला बांधायचे तशी. चिठ्ठीवर मूळ गाडीचा नंबर आणि खाली एक ओळ. "एकटी. शांत चालवायची." "एकटा. कुत्रा होता." गॅरेजच्या फळीवर त्या गुंडाळ्या ओळीने लागल्या होत्या. मला तिथे फार वेळ थांबवेना. तिला तिथेच बरं वाटायचं.

त्याच वर्षीच्या पावसाळी ऑक्टोबरात एका शनिवारी तिला भंगारात मिजली भेटला. तोही दुसरी गाडी बांधायला घेऊन भाग शोधत होता. दोघांनी एकाच इंजिनावर हात ठेवला.

"अरे देवा! रिबिटं मोजणाऱ्या बाई!"

"तिसरं रिबीट बदललंत का?"

"बदललं," तो ओशाळून म्हणाला. "रात्री झोप येईना."

ते इंजिन त्याने तिला दिलं, म्हणजे दावा सोडला. त्यानंतर दर शनिवारी तो साडेनऊला क्रॅबट्रीच्या फाटकाशी उभा असायचा. थर्मासमध्ये चहा, कागदात बांधलेला आल्याचा केक. ती दोष शोधायची, तो त्या दोषाचं कारण सांगायचा. कुठला दोष चालवून घेता येतो आणि कुठला नाही, हे तिला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. टेड दोघांना "आले बघा सासू-सासरे" म्हणायचा आणि एडना त्याच्यावर डाफरायची. पण त्या हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून मला ओव्हनच्या दाराचा आवाज येऊ लागला. ती केक करायला शिकत होती. पहिले चार तिने स्वतःच नापास केले. पाचवा नेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मध्ये जरा कच्चा आहे." आणि ती हसली. तिला असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

"घरी बोलाव की त्याला एकदा."

"कशाला? भंगारात भेटतो ना."

वर्षभरात सगळं जमलं, राहिली ती गिअरबॉक्स. सात तिने नाकारल्या. एकीच्या तेलात पितळेची चकाकी होती, एकीचा दांडा लटपटत होता. शेवटी मिजली म्हणाला, "माझ्याकडे आहे एक. हिरव्या गाडीतलीच देतो. मी त्या गाडीत दुसरी घालणार आहे. पण आधी चालवून बघ." तोपर्यंत तो तिला अगं-तुगं करू लागला होता.

ते दोघं हिरव्या गाडीतून डोंगरावरच्या रस्त्याला गेले. एडना चालवत होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, गवत तांबडं झालेलं, वारा तोंडावर. चढाला तिने तिसरा गिअर टाकला आणि खालून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यात नाही, चौथ्यात नाही, फक्त तिसऱ्यात.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"गेली सात वर्षं ऐकतोय. काही होत नाही. माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

"नको."

"एडना, मी पंचेचाळीस वर्षं गिअरबॉक्स ऐकल्या. अगदी गप्प अशी एकही भेटली नाही. भेटली तर समजायचं, आपल्याला कमी ऐकू येतंय."

"मला ऐकू येतंय. नको."

तो समोर बघत म्हणाला, "बरं, राहू दे गिअरबॉक्स. उद्या रविवार आहे. माझ्याकडे जेवायला ये. मी मटण भाजतो, बरं करतो."

तिने काय उत्तर दिलं असेल? ती म्हणाली, "गाडी झाली की येईन. माझ्या गाडीतून येईन."

"म्हणजे केव्हा?"

"योग्य गिअरबॉक्स मिळाली की."

"बरं," तो म्हणाला. फाटकाशी त्याने तिला सोडलं, हात वर केला आणि गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एडनाने दोन्ही वेळा केक परत आणला. त्याचा फोन नंबर तिने कधी घेतला नव्हता. लागला कशाला असता? शनिवार ठरलेला होता.

"रुसलाय," ती मला म्हणाली. "मोठा माणूस, गिअरबॉक्सवरून रुसतो म्हणजे काय!" पण कपबशी विसळताना तिचं लक्ष नव्हतं, बशीच्या कडेला साबण तसाच राहिला होता.

तिसऱ्या शनिवारी ती फाटकातून आत शिरली तेव्हा टेडने हाक मारली नाही, टवाळी केली नाही. टोपी हातात घेऊन तो पुढे आला.

"एडना, तुला कळलं असेल ना?"

"काय?"

"आर्नल्डचं. हृदय बंद पडलं. शेडमध्येच. तो पहिल्यांदा आला नाही ना, त्या शनिवारी सकाळीच गेला, इकडे यायला निघायच्या आधी. मला परवा एका ट्रकवाल्याने सांगितलं. क्रियाकर्म होऊन आठवडा झाला म्हणे." मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. "मला वाटलं, तुला कोणीतरी सांगितलं असेल."

तिला कोण सांगणार होतं? एडना हॅस्लम नावाचं कोणी आहे हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असायला हवं ना. ती एका गाडीत जाऊन बसली, नेहमी बसायची तशी, पण पेडल बघितले नाहीत. टेडने तिला तासभर तिथेच बसू दिलं, आणि दुसरं गिऱ्हाईक त्या ओळीत जाऊ दिलं नाही.

मंगळवारी ती बसने डोंगर ओलांडून हॅलिफॅक्सला गेली. पत्ता टेडच्या वहीत होता. दार उघडलं ते आयव्हीने, आर्नल्डच्या बहिणीने. मागे खोकी रचलेली, घर रिकामं करणं चाललेलं.

"कोण आपण?"

एडनाने वाटेत काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडाबाहेर पडेना. "मी... गाडीचे भाग बघायला आले," ती म्हणाली.

"बरं झालं आलात. उद्या भंगारवाल्याला बोलावणारच होते." आयव्ही तिला मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. हिरवी गाडी उभी होती, तिची गिअरबॉक्स काढून बाकावर ठेवलेली, खालचं तेल पुसलेलं. "हे असलं सगळं. मला यातलं काही कळत नाही. तुमचे मिस्टर बांधतात का गाडी?"

"मीच बांधते."

"हो का? आर्नल्डला आवडलं असतं हं तुमच्याशी बोलायला." आयव्ही खोक्याच्या कडेवर टेकली. "शेवटच्या वर्षात फार खुशीत होता तो. शनिवार आला की दाढी करून तयार. कुठे रे, म्हटलं की म्हणायचा, तपासनिसाकडे चाललोय. तपासनिसाने आज अमुक नापास केलं, तपासनीस तमुक म्हणाला. आम्हाला वाटलं डेपोतला कोणी जुना मित्र असेल. कळवायला हवं होतं हो त्या गृहस्थाला. पण नाव ना गाव."

तिथेच सांगता आलं असतं. एडना मला म्हणाली, तोंड उघडलं होतं मी. पण मग आयव्हीने रडायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच्या भावासाठी आपण काय म्हणून रडायचं, असं तिला वाटलं. ती फक्त म्हणाली, "ही गिअरबॉक्स हवी होती."

"न्या. बाकी काही?"

"एवढीच."

शेजारच्या एका माणसाने ती आपल्या व्हॅनमधून बेकपला पोचती केली. एडनाने ती धुतली, चादरीत गुंडाळली. चिठ्ठी कोरी ठेवली. मग पंधरा दिवसांनी ती सांगाड्यात बसवली, तिसऱ्या गिअरला हात न लावता.

गाडी पूर्ण व्हायला आणखी जवळजवळ दीड वर्ष लागलं. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तपासणी झाली. नोंदणीच्या कचेरीतल्या माणसाने विचारलं, देणारी गाडी कुठली? एडनाने पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि वाचायला लागली. सहाव्या चिठ्ठीला त्याने हात जोडले. एकाच गाडीतून सगळं घेतलं असतं तर त्या गाडीचं साल लागलं असतं, म्हणाला. इतक्या गाड्यांचं मिळून साल ठरत नाही, म्हणून क्यू अक्षराचा नंबर. वय माहीत नसलेल्या गाड्यांना तो देतात. पाटी तिने स्वतः लावली. चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत होत्या.

पहिली फेरी तिने मला दिली. मी बाजूच्या सीटवर बसले, गुडघे छातीशी, पदर कमरेला खोचलेला. गावातून बाहेर पडून चढ लागला. तिने तिसरा गिअर टाकला आणि मला आवाज आला. मग तिनेच सगळं सांगितलं, त्या नोव्हेंबरपासूनचं, वाऱ्यात ओरडून ओरडून, कारण हळू बोललं तर ऐकू येत नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच सांगू शकली. माथ्यावर गाडी थांबवून तिने इंजिन बंद केलं. खाली दोन्हीकडे दऱ्या, मेंढ्या, दगडी कुंपणं.

"मी हो म्हणाले असते ना शीला, तर रविवारी मी तिथे असते, घरच्यांनी मला पाहिलं असतं आणि नंतर मला कळवलं असतं. एवढंच. बाकी काही बदललं नसतं."

"एडना, तू जाऊन सांग त्याच्या बहिणीला."

"काय सांगू? तपासनीस मी आहे म्हणून?"

"हो. तेच."

तिला दोन वर्षं लागली. एका जूनमध्ये ती गाडी घेऊन आयव्हीच्या नव्या घरी गेली. दार उघडल्यावर, आत न जाता, उंबऱ्यावरच म्हणाली, "मी एडना हॅस्लम. आर्नल्ड शनिवारी माझ्याकडे यायचा." आयव्हीने तिला ओळखलं.

"तुम्ही गिअरबॉक्स नेली होतीत," ती म्हणाली.

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी चार महिने त्या माणसाला शोधत होते. डेपोत जाऊन विचारलं. लोक हसले मला."

तरी आयव्हीने तिला आत घेतलं, चहा दिला. दोघी अर्धा तास बसल्या. बोलणं फारसं जमेना. आर्नल्ड मटण कसं भाजायचा हे आयव्हीने सांगितलं, एडनाने तो चहात साखर किती घ्यायचा ते सांगितलं, आणि तो आकडा दोघींचा वेगळा निघाला. निघताना आयव्ही गाडी बघायला बाहेर आली, पण बसता का म्हटल्यावर नको म्हणाली.

एडना परत त्या घरी गेली नाही. नाताळात दोघींची एकमेकींना कार्डं जातात. मी पाहिलंय एडनाचं कार्ड. छापलेल्या शुभेच्छांखाली ती फक्त आपलं पूर्ण नाव लिहिते, ठळक अक्षरात.